शुक्राला ड्रोन कोण म्हणतं?

लडाखच्या जवानांनी गुरू-शुक्राला चिनी ड्रोन समजून पहारा दिला, हा किस्सा विकांताला कासारसाई धरणावर कोणीतरी काढतोच. मग सगळे खो-खो हसतात. मला मात्र या हसण्याचाच राग येतो.

मुळात किस्सा असा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवर अनोळखी तेजस्वी वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी झाल्या. त्यातल्या १५५ वेळा त्यांनी प्रत्यक्ष ताबा रेषा ओलांडली असं वाटलं. वातावरण तापलेलंच होतं. एप्रिल २०१३ मध्ये तर देप्सांगला दोन्ही सैन्यं तीन आठवडे समोरासमोर तंबू ठोकून होती. लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. या वस्तू ताऱ्यांच्या तुलनेत कशा सरकतात, ते तपासलं गेलं. उत्तर निघालं: एक गुरू, दुसरा शुक्र.

यात हसण्यासारखं काय आहे? शंका आली, नोंदी ठेवल्या, जाणकाराला विचारलं. बग रिपोर्ट असाच तर असावा लागतो! लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्यांनी तरी हसू नये :)

महासत्ताही यातून सुटलेल्या नाहीत. २३ मे १९६७ ला क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारी अमेरिकेची रडार एकाएकी जाम झाली. हे सोव्हिएत रशियाचंच काम, असं समजून विमानं सज्ज होऊ लागली. सूर्यावर नजर ठेवणाऱ्यांनी वेळेत सांगितलं, की हे सौर वादळ आहे. ‘आकाश बघून काय मिळतं?’ असं विचारणाऱ्यांना आणखी कुठलं उत्तर हवंय?

आता आपलं बघू. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं खरा हल्ला म्हणून फिरली. ती पुढे ढकलणारे अडाणी नव्हते, आपल्यासारखेच शिकलेले होते. सीमेवरच्या थंडीत जवानाने जो धीर दाखवला, तो आपल्याला एसीत बसून जमला नाही.

आणि कासारसाईहून पूर्वेला बघा. तिकडे हिंजवडी. रिकाम्या मजल्यांवरचे दिवे, होर्डिंगं, आभाळाकडे तोंड केलेले फ्लडलाइट. या उजेडात बारीक तारे बुडाले. उरले गुरू-शुक्र आणि लोहगावची विमानं. म्हणजे ज्यांच्याशी ताडून ग्रह ओळखायचा, ते तारेच आपण पुसून टाकतोय. दिव्यांवर टोपी बसवा, रात्री रिकामे मजले बंद करा, एवढं आपापल्या ऑफिसात सांगायला कोणाची हरकत आहे?

ओळख तर अगदी सोपी आहे. ग्रह ताऱ्यांबरोबर तासाला साधारण १५ अंश पश्चिमेकडे सरकतो. ड्रोन इतका धीर धरत नाही. आणखी शिकायचं असेल, तर पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथे जा. तोवर जवानांवर हसू नका, आणि आकाशातला प्रत्येक ठिपका फॉरवर्डही करू नका.