आठ सिलिंडरांचा आग्रह

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रॅम कंपनीने माघार घेतली. आपल्या १५०० या पिकअपमधून तिने ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे ‘हेमी’ इंजिन काढून टाकले होते आणि त्याजागी ३ लिटरचे, दोन टर्बो लावलेले, सहा सिलिंडरांचे ‘हरिकेन’ बसवले होते. गिऱ्हाइके भडकली. शेवटी हेमी परत येणार असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि ते बसवलेल्या गाड्यांवर खास बिल्लाही लावला. त्या बिल्ल्याला कंपनीनेच ‘निषेधाचे चिन्ह’ असे नाव दिले. हेमीची ताकद ३९५ अश्वशक्ती, टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४१० पौंड-फूट. ज्याचा निषेध झाला त्या हरिकेनची ताकद ४२०, टॉर्क ४६९. म्हणजे ओढायला दुबळे असलेले इंजिन लोकांनी भांडून परत मिळवले. त्यामागे कोणती समजूत आहे ते तपासले पाहिजे, कारण याच समजुतीवर अमेरिकेत दरवर्षी असंख्य कुटुंबे आपल्या घरातली सर्वांत महागडी गाडी निवडतात.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्व्हरॅडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा या पूर्ण आकाराच्या पिकअप रिकाम्याच दोन-अडीच टनांच्या असतात. मागे हौदा असतो, आणि त्यामागे घोड्यांचा, होडीचा, कॅम्पिंगच्या घराचा नाहीतर खोदाई यंत्राचा ट्रेलर जोडायचा असतो. अशा गाडीला आठ सिलिंडरांचे मोठे व्ही-८ इंजिनच हवे, हा तिकडचा पिढीजात संस्कार आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्याच बाजूने मांडतो, कारण तो मांडणारी माणसे शेतावर, बांधकामावर, तेलविहिरींवर आयुष्य काढलेली आहेत. त्यांचे म्हणणे असे: इंजिनाच्या घनफळाला पर्याय नसतो. लहान इंजिनाला टर्बो लावून मोठ्याचे काम करून घेतले की ते कायम ताणाखाली राहते आणि लवकर मरते. टर्बो म्हणजे बिघडणाऱ्या वस्तूंची भर. पेट्रोल वाचेल म्हणून ते गळ्यात मारतात, पण ट्रेलर जोडला की बचत कुठल्या कुठे जाते. आणि हे सगळे झाले ते सरकारने २०१० मध्ये धूर आणि इंधनाचे नियम कडक केले म्हणून. इंजिन चांगले म्हणून नव्हे.

यातला पेट्रोलचा मुद्दा खरा आहे. बाकीच्यांत अर्धवट सत्य आहे, आणि पहिला तर पायातच चुकलेला आहे.

पाच लिटर हे सिलिंडरांचे माप झाले. त्यांत हवा किती जाते ते हवेच्या दाबावर ठरते. पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या साधारण पंधरा पट हवा लागते, तेव्हा जितकी हवा आत गेली तितकेच पेट्रोल जळणार आणि तितकीच ताकद मिळणार. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढी घेते. टर्बो सायलेन्सरकडे चाललेल्या तप्त धुराच्या जोरावर पंखा फिरवतो आणि हवा दाबून आत भरतो. म्हणून ३.५ लिटरच्या सिलिंडरांत पाच लिटरांहून जास्त हवा जाऊ शकते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. घनफळाला पर्याय आहे, आणि तो शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

आता रस्त्यावर येऊ. एफ-१५० मध्ये दोन्ही इंजिने शेजारी शेजारी मिळतात: ५ लिटरचे व्ही-८ आणि ३.५ लिटरचे टर्बो व्ही-६. २०२१ पासून दोघांची अश्वशक्ती बरोबर ४००. कागदावर बरोबरी दिसते, म्हणून विक्रेत्यापुढे बसलेला माणूस म्हणतो, मग आवाज चांगला असलेलेच घेऊ. पण व्ही-८ चा ४१० पौंड-फुटांचा कमाल टॉर्क मिळतो मिनिटाला ४,२५० फेऱ्यांवर, आणि टर्बोचा ५०० मिळतो ३,१०० वरच. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ५,२५२ ने भागले की त्या क्षणाची अश्वशक्ती येते. ३,१०० फेऱ्यांवर टर्बोची निघते २९५. व्ही-८ ला त्याच फेऱ्यांवर पूर्ण ४१० टॉर्क मिळतो असे उदारपणे धरले, जे खरे नाही, तरी हाती लागतात २४२. तीन टनांचा ट्रेलर घेऊन चढ लागला की व्ही-८ गिअर खाली टाकतो, साडेचार हजारांच्या वर ओरडत जातो. टर्बो वरच्याच गिअरमध्ये चढून जातो. आता ताणाखाली कोण आहे ते पूर्वपक्षाने सांगावे. ताण सिलिंडरांच्या संख्येवरून कळत नाही. सिलिंडरातला दाब, उष्णता आणि पिस्टनचा वेग यांवरून तो कळतो. टर्बो इंजिनात दाब आणि उष्णता जास्त असतात, व्ही-८ मध्ये चढावर वेग जास्त लागतो, आणि दोन्ही इंजिने आपापला ताण सोसतील अशी बांधावी लागतात.

तशी ती बांधतातही. फोर्डच्या २.७ लिटरच्या टर्बोचा ब्लॉक ज्या खास ओतीव लोखंडाचा आहे, ते डिझेल इंजिनांच्या ब्लॉकसाठी वापरले जाते. शेवरलेच्या २.७ लिटर, चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड घडीव पोलादाचे आहेत. आणि टर्बोवर अविश्वास दाखवणाऱ्या याच लोकांनी १९८९ मध्ये डॉजच्या अवजड पिकअपमध्ये आलेले कमिन्सचे ५.९ लिटर, सहा सिलिंडरांचे टर्बो डिझेल डोक्यावर घेतले होते. त्याची अश्वशक्ती फक्त १६० होती, टॉर्क ४००. त्याच बी मालिकेतली इंजिने पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यात बनू लागली आणि टाटांच्या ट्रकांतून आपल्याकडचे घाट चढू लागली. टर्बो म्हणजे नाजूक चीज, असे आपला कोणताही ट्रकवाला म्हणणार नाही. डिझेलची गोष्ट वेगळी, असे उत्तर येईल. वेगळी आहेच: ते मुळापासून दाब सोसण्यासाठी बांधतात. पेट्रोल इंजिनही तसे बांधले तर ते टिकायला हरकत काय, एवढेच मी विचारतो.

उंचीचा मुद्दा तर पूर्वपक्ष काढतच नाही, आणि माझ्या मते निवडीतला सर्वांत वजनदार मुद्दा तोच आहे. साधे इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्याशी ११,१५८ फुटांवर पोचतो. तिथे ४०० अश्वशक्तीच्या व्ही-८ कडे तीनशेही उरत नाहीत. टर्बोही काही गमावतो, पण पातळ हवेत त्याचा पंखा अधिक वेगाने फिरून बरीच तूट भरून काढतो. ह्यूस्टनच्या सपाटीवर राहणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा सांता फे इथला माणूस ट्रेलर ओढण्यासाठी व्ही-८ घेतो तेव्हा तो पैसे चारशेचे मोजतो आणि घरी पुष्कळ कमी नेतो.

बिघाडांची चर्चा आकड्यांशिवाय होते म्हणून ती तापते. टोयोटाने टुंड्रातले ५.७ लिटरचे व्ही-८ बंद करून ३.४ लिटरचे टर्बो व्ही-६ आणले, आणि २०२४ मध्ये त्या इंजिनासाठी सुमारे एक लाख दोन हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ‘बघा, टोयोटालाही जमले नाही’ असा गजर झाला. कारण काय होते? यंत्रकामातला धातूचा कचरा इंजिनात राहून गेला आणि त्याने मुख्य बेअरिंग खाल्ले. टर्बोचा त्यात दोष नाही. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ साठी जगभरातल्या सात लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड सदोष निघाले. त्या इंजिनात टर्बो नाही. फोर्डच्या २.७ लिटरच्या टर्बोतल्या झडपा तुटल्या त्याही झडपांच्या धातूमुळे. कारखान्यातली हलगर्जी सिलिंडर मोजत नाही.

तरीही पूर्वपक्षाचे जे खरे आहे ते पूर्ण मान्य केले पाहिजे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि त्याच्या एका बाजूला लालबुंद धूर असतो. इंटरकूलर, नळ्या, दाब सोडणारी झडप या सगळ्या वस्तू व्ही-८ मध्ये नाहीत. म्हणून ज्याला वॉरंटी संपल्यावर पंधरा वर्षे गाडी स्वतः दुरुस्त करत वापरायची आहे, जो सपाटीवर राहतो आणि वर्षातून दोनदाच होडी ओढतो, त्याने साधे व्ही-८ घ्यावे. उतारावरही व्ही-८ चांगले. इंजिनाने गाडी रोखायची तर घनफळच लागते, तिथे टर्बो मदत करत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा आपल्या चालकांचा नियम आहे. लहान टर्बो इंजिनाला तो पुरत नाही. वरच्या गिअरमध्ये चढलात तरी उतरताना एक-दोन गिअर खाली या, नाहीतर ब्रेक तापतील. आयझेनहॉवर बोगद्यापलीकडच्या लांब उताराला हे लक्षात ठेवावेच लागते.

आणि पेट्रोल. इथे माझे भांडण टर्बो विकणाऱ्यांशी आहे. ३.५ लिटरचा टर्बो आणि ५ लिटरचा व्ही-८ यांच्या सरकारी मायलेजमध्ये गॅलनमागे एखाद-दुसऱ्या मैलाचाच फरक असतो, आणि तोही रिकाम्या गाडीचा. ट्रेलर जोडला की टर्बो जास्त हवा घेतो म्हणजे जास्त पेट्रोलही घेतो. वर फार तापू नये म्हणून संगणक आणखी पेट्रोल ओततो. ओझे तेच, चढ तोच, म्हणजे काम तेवढेच, पेट्रोल लागणारच. लहान इंजिन ही काटकसर आहे असे ऐकून ज्यांनी ते घेतले, त्यांची निराशा योग्यच आहे. त्यांना चांगली गाडी चुकीचे कारण सांगून विकली गेली. चढावर, उंचीवर, कमी फेऱ्यांत ते अधिक ओढते, हे खरे कारण सांगितले असते तर निषेधाचा बिल्ला निघाला नसता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सरकारी नियमांमुळे ही इंजिने आली हे बरोबर, पण एखादी वस्तू का आली यावरून ती कशी आहे ते ठरत नाही. जुलै २०२५ मध्ये तर इंधन-नियम मोडल्याचा दंडच अमेरिकेने शून्यावर आणला. तरी रॅमने हेमीशेजारी हरिकेन ठेवलेच आहे.

तेव्हा आठवड्याला दोन-तीन टन ओढणाऱ्याला, डोंगराळ राज्यात राहणाऱ्याला मी टर्बो व्ही-६ च घ्यायला सांगेन, आणि ऑइल बदलण्याची आठवण देणारा दिवा लागेपर्यंत न थांबता पाच हजार मैलांच्या आत ऑइल बदलायला सांगेन. रिकामी गाडी शहरात फिरवणाऱ्याला २.७ लिटर पुरे.

एक मागणी मात्र दोन्ही पक्षांनी मिळून करायला हवी. नव्या गाडीच्या काचेवर जो मायलेजचा सरकारी कागद चिकटवतात, त्यात ट्रेलर जोडलेल्या गाडीचे मायलेज नसते. ओढण्याची क्षमता ठरवण्याची पद्धत मात्र जे-२८०७ या मानकात आखलेली आहे: ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे अकरा मैलांचा चढ, निदान १०० अंश फॅरनहाइट तापमान, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. रस्ता ठरलेला, ओझे ठरलेले, गाडीही तिथे जाते. त्याच चढावर जळालेले पेट्रोल मोजून तो आकडा काचेवर छापायचा.