बाय, ऑन की इन?

मराठीत ‘बसने’, ‘बसमध्ये’ आणि ‘बसजवळ’ हे तीन अर्थ तीन स्वतंत्र रूपांनी व्यक्त होतात. इंग्रजीत मात्र एक चिमुकला शब्द इकडचा तिकडे झाला, की निरोपच बदलतो.

प्रवासाचे साधन सांगावयाचे असता ‘बाय’ योजावा आणि त्यापुढे ‘द’ किंवा ‘माय’ लावू नये : ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. पायी जाणे तेवढे ‘ऑन फूट’. मध्ये ‘द’ शिरला, की ‘आय अ‍ॅम बाय द बस’ म्हणजे ‘मी बसच्या शेजारी उभा आहे’ असा अर्थ होतो. परदेशी मुलांकडे गेलेल्या आजोबांनी बसमध्ये बसल्यावर हा निरोप धाडला, तर मुलगा त्यांना मागच्या थांब्यावर शोधत राहील. तेथे ‘ऑन द बस’ हवे. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ एवढेच ध्यानी धरणाऱ्यास आजोबा टपावर बसल्यासारखे वाटेल. पण इंग्रजीची रूढी तशी आहे.

ज्या वाहनात उभे राहता व चालता येते, त्यास सहसा ‘ऑन’ : बस, रेल्वे, विमान, जहाज. मोटार व टॅक्सीत केवळ बसता येते, तेथे ‘इन’. चढण्या-उतरण्यासही हाच न्याय : बससाठी ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’, टॅक्सीसाठी ‘गेट इन’, ‘गेट आउट ऑफ’. सायकल मात्र अपवाद. तिच्यावर बसायचे, म्हणून ‘ऑन’.

ही जोडरूपे वाहनाच्या नावासह पाठ करावीत. परक्या शहरात तीच वाट चुकू देणार नाहीत.