जुन्नरचा घोडा, काझानची मशीद

रशियाचा इतिहास म्हटला की शाळेतली मुले 1917ची क्रांती सांगतात आणि थांबतात. मोठी माणसे त्यात स्टॅलिनचे नाव आणि 1991मध्ये सोव्हिएत संघ फुटल्याची आठवण घालतात. पण या देशाने त्याआधीही मोठी वळणे घेतली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक वळणांवर मुसलमान उभे आहेत; कधी राज्यकर्ते म्हणून, तर कधी रयत म्हणून. ही गोष्ट आपल्याच रायगड जिल्ह्यातून सुरू करता येते.

पनवेलहून पेण, अलिबाग करत खाली गेले की चौल-रेवदंडा लागते. पंधराव्या शतकात चौल हे बहमनी सल्तनतीचे गजबजलेले बंदर होते. 1469च्या सुमारास तिथे एक रशियन व्यापारी उतरला. त्याचे नाव अफनासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातून तो निघाला, अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले, आणि मग बाकू, इराण, होर्मुझ असे करत तो कोकणात पोहोचला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. दख्खनमध्ये चांगले घोडे समुद्रमार्गे येत आणि त्यांना मोठी किंमत मिळे.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथला सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर खानने अट घातली: चार दिवसांत इस्लाम कबूल कर, घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा; नाहीतर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल करीन. परक्या मुलखात निकितिनला कोणाचाच आधार नव्हता. मुदत संपत आली असता ख्वाजा मुहम्मद नावाचे एक खुरासानी गृहस्थ तिथे आले. निकितिनने त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. ते खानकडे गेले, त्याचे मन वळवले आणि घोडा सोडवून आणला. ही हकीकत निकितिनने स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे.

त्याच प्रवासात तो बिदरला बराच काळ राहिला. मुसलमानांच्या रोज्यांच्या महिन्यात त्याने रोजेही धरले, पण आपला ख्रिस्ती धर्म सोडला नाही. परत जाताना तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून जहाजात बसला. घरी पोहोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ, त्याचा मृत्यू झाला. त्याची वही 1475मध्ये मॉस्कोला पोहोचली. तिच्या अखेरच्या दुआत अल्लाहची अरबी नावे आहेत.

निकितिन दख्खनमध्ये फिरत होता त्याच काळात त्याचा देश कूस बदलत होता. 1237पासून बातूखानच्या मंगोल फौजांनी रशियन शहरे उद्ध्वस्त केली होती. पुढे हेच खान मुसलमान झाले. 1313मध्ये गादीवर आलेल्या उझबेक खानने इस्लामला राजधर्म केले. रशियन चर्चला आधीपासून असलेली करमाफी मात्र चालू राहिली. तरीही खंडणीचे ओझे होतेच, आणि रशियन माणसाच्या आठवणीत तो काळ जुलमाचाच राहिला. 1480मध्ये उग्रा नदीवर तिसऱ्या इवानची आणि अहमदखानची फौज समोरासमोर उभी राहिली आणि मोठ्या लढाईविनाच परतली. तातारांचे वर्चस्व तिथे संपले.

यानंतर पारडे उलटले. 1552मध्ये चौथ्या इवानने काझान जिंकले. किल्ल्यातली मशीद पडली. तिचे इमाम कुल शरीफ लढताना मारले गेले. तातारांना शहराबाहेर हुसकावले आणि अनेकांना बळजबरीने ख्रिस्ती केले. 1740च्या दशकात काझान परगण्यातल्या 536 मशिदींपैकी 418 पाडण्यात आल्या. तरी तातारांनी दीन सोडला नाही. अखेर राणी कॅथरिनला धोरण बदलावे लागले. तिच्या काळात काझानमध्ये दगडी मशीद उभी राहिली, 1773मध्ये धर्माबाबत सहिष्णुतेचा हुकूम निघाला, 1787मध्ये सेंट पीटर्सबर्गला कुरआन शरीफ छापले गेले आणि पुढच्याच वर्षी मुसलमानांच्या धार्मिक कारभारासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. या मंडळामार्फत इमामांवर सरकारची नजरही राहिली, हे विसरू नये.

1917नंतरचे वळण वेगळे होते. नव्या सरकारने चर्च आणि मशीद दोन्हींना टाळे लावले. तातारी भाषेची अरबी लिपी 1920च्या दशकाच्या शेवटी काढून रोमन लिपी आणली, आणि 1939मध्ये तीही बदलून रशियन लिपी आणली. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा घाव चटकन कळतो. आजोबांनी लिहिलेले पत्र घरात आहे, पण नातवाला ते वाचता येत नाही. मशीद पाडल्याचे दिसते. वाचता न येणे मात्र कुणाला दिसतही नाही. 1991नंतर टाळी उघडली. 2005मध्ये काझानच्या किल्ल्यात कुल शरीफ मशीद पुन्हा उभी राहिली.

ही सगळी वळणे एका ओळीत ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. जुन्नरच्या खानने, मॉस्कोच्या झारने आणि पुढे कम्युनिस्टांनी माणसाच्या अंतःकरणावर हुकूम चालवू पाहिला. तिघांनाही ते जमले नाही. सूरह बकराची 256वी आयत आपल्या घराघरांत पढली जाते. दीनमध्ये जबरदस्तीला तिने जागाच ठेवलेली नाही. मग असदखानचे वागणे त्या आयतीत कुठे बसते?

मुलांना इतिहास सांगताना आपण इथेच अडखळतो. आपल्यावर झालेला जुलूम आपण तपशिलाने सांगतो. आपल्यातल्या कोणी केलेला जुलूम मात्र एका वाक्यात उरकतो, किंवा गाळतोच. मुले हे ओळखतात, आणि मग आपल्या खऱ्या दुःखावरही त्यांचा विश्वास बसत नाही. काझानच्या 418 मशिदींचे दुःख सांगायचा हक्क हवा असेल, तर जुन्नरच्या घोड्याची गोष्टही आपल्याच तोंडून यायला हवी.

ती सांगताना मान खाली घालायचे कारण नाही. कारण तिच्यात ख्वाजा मुहम्मदही आहेत. परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या माणसासाठी ते आपल्याच धर्माच्या सत्ताधाऱ्याकडे गेले आणि हे बरोबर नाही असे सांगून आले. असदखानकडे सत्ता होती, पण साडेपाचशे वर्षांनी आपण दुआ देतो ती ख्वाजांना.

रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे. पुढच्या सुट्टीत चौलला जाल तेव्हा मुलांना ते जरूर दाखवा, आणि तिथे उभे राहून निकितिनबरोबर ख्वाजा मुहम्मदांचे नावही घ्या. त्यांचे स्मारक मुलांच्या मनात उभे करायचे काम आपले आहे.