विश्लेषण : जुने रो-हाऊस घेताना शेजाऱ्याची भिंत का पाहावी?

दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या पैशात तुळशीपुरते का होईना अंगण, डोक्यावर स्वतःची गच्ची आणि दाराशी गाडी लावायची सोय. पहिले घर शोधणाऱ्या तिशीतल्या जोडप्याला जुने रो-हाऊस भुरळ घालते ते यामुळे. नाशिकचे इंदिरानगर, छत्रपती संभाजीनगरचा सिडको भाग, पुण्याची उपनगरे अशा ठिकाणी ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभी राहिलेली ही घरे आता पुनर्विक्रीसाठी येत आहेत. ज्यांनी ती हौसेने घेतली त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात स्थिरावली आहेत. एजंट नवा रंग दाखवतो, मॉड्यूलर किचनचे कप्पे उघडून दाखवतो आणि ‘भाव तर जागेचाच आहे, बांधकाम फुकट समजा’ असे सांगतो. या वाक्याचा दुसरा भाग बराचसा खरा असतो. पहिला भाग मात्र तपासून घ्यावा लागतो.

हे घर खरोखर स्वतंत्र असते का?

फारसे नाही. सहा रो-हाऊसची रांग ही बऱ्याचदा एकच लांब इमारत असते आणि तिला सहा मालक असतात. जुन्या योजनांत दोन घरांमधली नऊ इंची विटांची भिंत सामाईक असते आणि दोन्हीकडचे स्लॅब तिच्यावरच टेकलेले असतात. कमी खर्चात बांधलेल्या वसाहतींत कॉलम-बीमचा सांगाडाही अनेकदा नसतो. घराचा सगळा भार भिंतींवर असतो. खोल्यांच्या कोपऱ्यात कुठे कॉलम दिसत नाही, आतल्या भिंतीही जाड आहेत, स्लॅबखाली बीम नाही, अशी लक्षणे दिसली तर सावध व्हावे. अशा घरात ‘मधली भिंत काढून हॉल मोठा करू’ हा बेत सोडून द्यावा लागतो.

पण खरा प्रश्न शेजारच्या घरात काय झाले आहे, हा असतो. तळमजला अधिक एक मजला या हिशेबाने बांधलेल्या सामाईक भिंतीवर शेजाऱ्याने दुसरा मजला चढवला असेल, तर त्याचा भार घेणाऱ्याच्या भिंतीवरही आलेला असतो. शेजाऱ्याने रस्त्याकडच्या खोलीचे दुकान करताना आतली भिंत पाडली असेल, तर त्याचा परिणाम कुंपणापाशी थांबत नाही. त्याने नव्या न्हाणीघराचा नळ सामाईक भिंतीत घातला असेल, तर ओल इकडच्या बेडरूममध्ये उमटते आणि इकडे कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी ती जात नाही. सांडपाण्याचेही तेच. अनेक योजनांत सगळ्या घरांची ड्रेनेजची लाइन मागच्या अंगणांतून एकापाठोपाठ जाते. कुणीतरी मागे स्वयंपाकघर वाढवते, चेंबर फरशीखाली गाडले जाते आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी वरच्या बाजूच्या घरांत परत येते.

म्हणून घर पाहायला गेलेल्याने दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची बेल वाजवणे हा भोचकपणा नाही. शेवटची गळती कधी झाली, चेंबर कुठे आहे, भिंतीवरून किंवा पाण्यावरून काही वाद आहे का, एवढे विचारले तरी पुरते. विक्रेत्याने जे तीन भेटींत सांगितले नाही ते शेजारच्या आजी चहाचा कप हातात देतानाच सांगून टाकतात.

तडे दिसले तर घर सोडावे का?

प्रत्येक तडा घाबरण्यासारखा नसतो. गिलाव्यावरचे केसासारखे, जाळीसारखे तडे बहुतेक वेळा गिलाव्याचेच असतात. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर आडवी रेघ पडणेही नेहमीचे आहे. चिंता करायची ती खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या निघणाऱ्या, एका टोकाला रुंद होत जाणाऱ्या तड्यांची. काळ्या मातीच्या पट्ट्यात हे जास्त दिसते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल मुरुमापर्यंत गेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडे हलत राहते. रांगेच्या टोकाच्या घराला एका बाजूचा आधार नसतो आणि त्याची एक बाजू पावसा-उन्हाला उघडी असते, त्यामुळे ‘कॉर्नरचे आहे’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी ती उघडी बाजू पायापासून गच्चीपर्यंत नीट पाहावी.

दुसरी धोक्याची खूण म्हणजे बीम किंवा कॉलमच्या लांबीने जाणारा तडा आणि स्लॅबचा पडलेला खपला. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या काही पट होते आणि ते आतून काँक्रीट फोडते. याचे एक कारण असे, की काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि तोपर्यंत सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की हा अल्कधर्मीपणा कमी होतो. अभियंता काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण मारून पाहतो. गुलाबी रंग आला तर काँक्रीट शाबूत, रंग आला नाही तर संरक्षण संपलेले. याशिवाय रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्यांनी काँक्रीटची अवस्था न तोडता अजमावता येते. आयएस ४५६ या मानकात २००० साली सुधारणा झाली आणि सळईच्या काँक्रीटसाठी किमान दर्जा एम-२० ठरला. त्याआधी एम-१५ चालत असे. नव्वदच्या दशकातले घर पाहताना हे लक्षात ठेवावे. घर तेव्हाच्या नियमाने चोख बांधलेले असू शकते, तरी आजच्या नियमाचे नसते.

छतावर ताजे पीओपी आणि भिंतीला वॉलपेपर असेल तर एक कोपरा उघडून दाखवण्याची विनंती करावी. नकार हेही एक उत्तरच असते. आणि शक्य असेल तर एक फेरी भर पावसात मारावी. गच्चीवरचा जुना ब्रिकबॅट कोबा पोकळ झाला आहे का, हे नाण्याने ठोकून कळते. त्यातून पाणी कुठे उतरते ते मात्र जुलैतच दिसते.

बँकेने कर्ज दिले म्हणजे घर चांगले, असे नाही का?

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. बँकेचा मूल्यांकनकार बँकेसाठी येतो. कर्ज बुडाले तर ही मालमत्ता विकून किती वसूल होईल, एवढेच त्याला पाहायचे असते. मोरीतली गळती किंवा गंजलेले जीआय पाइप हा त्याचा विषय नाही. तीच गोष्ट बँकेच्या वकिलाची.

रेराचा आधारही इथे फारसा नाही. बांधकामातील दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी हा कायदा प्रवर्तकावर टाकतो. तीस वर्षांपूर्वीच्या घराच्या पुनर्विक्रीला त्याचा काय उपयोग? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, स्वतःला माहीत असलेला पण खरेदीदाराला साधी काळजी घेऊनही कळू शकला नसता असा मोठा दोष विक्रेत्याने उघड करणे बंधनकारक आहे. म्हणजे साधी काळजी घेतली असती तर जो दिसला असता, त्या दोषाची तक्रार नंतर टिकणे कठीण. काळजी घेण्याचे काम कायद्याने खरेदीदाराकडेच दिले आहे.

सरकारी तपासणी होत नाही का? तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या मालकाने परवानाधारक अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावे, अशी तरतूद महापालिका कायद्यात आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. पण रो-हाऊसच्या कित्येक रांगांत संस्थाच नाही, असली तर ती गणपतीची वर्गणी आणि वॉचमनच्या पगारापुरती. ऑडिट कोण करणार? खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की फेरनोंदणीसाठी तपासणीला न्यावी लागते. तीस वर्षांच्या घराचे खरेदीखत मात्र अशा कोणत्याही कागदाशिवाय नोंदवता येते. ते प्रमाणपत्र खरेदीखताला जोडणे सक्तीचे का नसावे, याचे पटणारे उत्तर कुणी दिलेले नाही.

जमीन नेमकी कुणाच्या नावावर असते?

‘भाव जागेचा’ हे वाक्य इथे कसाला लागते. रो-हाऊस दिसायला सारखी असली तरी त्यांच्याखालच्या जमिनीची कागदोपत्री अवस्था निरनिराळी असते. भूखंड स्वतंत्र आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर मालकाचे नाव, ही सर्वांत बरी स्थिती. काही योजना अपार्टमेंट कायदा, १९७० खाली आहेत. तिथे घर आपले आणि जमिनीत अविभाज्य हिस्सा. काही फ्लॅटप्रमाणेच १९६३ च्या मोफा कायद्याखाली विकल्या गेल्या आणि बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण आजवर केलेलेच नाही. तसे असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तो एकट्याने चालायचा नाही. सिडकोसारख्या प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीत हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क आले. तिथे एजंटच्या तोंडी हिशेबावर न जाता कार्यालयातून ताजे पत्र घ्यावे.

जागेला भाव असतो तो तिच्यावर उद्या काही बांधता येईल म्हणून. पण भिंत सामाईक, जमीन अविभाज्य आणि शेजारी राजी नाही, तर एकट्याने पाडून नवे बांधणे जवळपास अशक्य होते. मग घेणाऱ्याने भाव दिला मोकळ्या प्लॉटचा आणि हाती आले जुने बांधकाम, असा व्यवहार होतो. किंमत ठरवताना घासाघीस इथे व्हायला हवी. प्रत्यक्षात ती पडदे आणि एसी सोडून जाण्यावर होते.

वाढीव खोलीचा प्रश्नही इथलाच. मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरावे. पुढचे अंगण झाकून केलेली खोली, गच्चीवरचे पत्र्याचे ‘स्टडी’, मागचे स्वयंपाकघर यांतले नकाशात काय आहे? ‘सगळ्याचा घरपट्टी भरतो’ हे उत्तर हमखास मिळते. घरपट्टी भरल्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. उलट अशा बांधकामावर शास्ती लागू शकते आणि तिची थकबाकी असेल तर वसुलीची नोटीस नव्या मालकाच्या दारात येते. नकाशाबाहेरच्या चौरस फुटांना पैसे देऊ नयेत, इतका साधा नियम ठेवला तरी बरेच वाचते.

खिशातून प्रत्यक्ष किती जातात?

समजा, घर ७० लाखांना ठरले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ५६ लाख कर्ज आणि १४ लाख स्वतःचे, असे जोडपे धरून चालते. पण बँकेने घराचे वय पाहून मूल्य ६२ लाखच धरले, तर कर्ज ४९ लाख ६० हजारांवर थांबते आणि स्वतःचे २० लाख ४० हजार होतात. मुद्रांक शुल्क शहरानुसार साधारण ६ ते ७ टक्के; ६ टक्क्यांनी ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. ही रक्कम कर्जाच्या हिशेबात धरली जात नाही. जवळपास २५ लाख रोख गेले आणि अजून गच्चीचा कोबा, पाइप, वायरिंग बाकीच आहे. या दुरुस्तीला बहुतेक जण मग पर्सनल लोन काढतात, गृहकर्जाहून चढ्या व्याजाने.

महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ५० लाख वा त्याहून अधिकच्या व्यवहारात विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरणे खरेदीदाराचे काम असते. विक्रेता परदेशात राहत असेल तर हा दर बराच जास्त असतो आणि नियमही वेगळे. त्या मुलाने किंवा मुलीने कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर तेही वकिलाला दाखवावे.

टोकन कधी द्यावे?

आपल्याकडे रीत उलटी आहे. रविवारी घर आवडते, ‘दुसरी पार्टी तयार आहे’ असे कानावर येते, संध्याकाळी ५१ हजारांचे टोकन जाते आणि तपासणी त्यानंतर सुरू होते. तोवर मन गुंतलेले असते, पैसेही अडकलेले असतात. मग अभियंत्याचा अहवाल वाईट आला तरी तो वाचायचा कसा, हे आधीच ठरून जाते. अभियंता आणि वकील यांची फी टोकनच्या आधी खर्च व्हायला हवी. घर नाही घेतले तर ती वाया गेली असे वाटते, पण ७० लाखांच्या व्यवहारात ती रक्कम एजंटच्या दलालीपुढे किरकोळ ठरते.

टोकन आधी देणे टाळताच येत नसेल तर पावतीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात : संरचनात्मक तपासणीचा अहवाल आणि जमिनीच्या हक्काचा शोध समाधानकारक नसल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. दरम्यान नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ शोधून याच रांगेतली इतर घरे किती रकमेला नोंदली गेली, ते मोबाइलवरच पाहता येते. विक्रेता त्या दोन ओळींवर सही करायला तयार असेल तर अभियंत्याला बोलवावे आणि त्याला आधी शेजारच्या गच्चीवर न्यावे.