उष्टं पान

ओएसच्या ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "डर्टी बिट म्हणजे काय?" मी धडाधड म्हणून टाकलं : मेमरीतल्या पेजवर काही लिहिलं गेलं की हा बिट वन होतो, पेज बाहेर काढताना तो बघून डिस्कवर परत लिहायचं की नाही ते ठरतं. सर "गुड" म्हणाले. मार्क मिळाले, विषय संपला.

पुढे सुट्टीत मी आणि माझ्या रूम पार्टनरने दोन पीसी केबलने जोडून केव्हीएम टाकलं आणि चालू व्हर्च्युअल मशीन, बंद न करता, एकावरून दुसऱ्यावर न्यायचा उद्योग केला. तेव्हा कळलं की मला उत्तर पाठ होतं, प्रश्न कळलाच नव्हता.

सबमिशनच्या आदल्या रात्रीचं आठवा. पार्टनर जर्नल लिहितोय आणि तुम्ही त्याचंच उतरवताय. तुम्ही चाळिसाव्या पानावर पोचता तोवर पठ्ठ्याने सातवं पान खोडून नवीन लिहिलेलं! मग त्याने हात लावलेल्या प्रत्येक पानावर खूण करायची. पहिल्या फेरीत सगळी पानं, दुसरीत फक्त खुणेची, तिसरीत त्यानंतर खूण झालेली... चारच उरली की "पेन खाली ठेव" म्हणायचं आणि तेवढी उतरवून मोकळं व्हायचं. ह्याला प्री-कॉपी म्हणतात. २००५ साली केंब्रिज आणि कोपनहेगनच्या मंडळींनी झेनवर हे करून दाखवलं. क्वेक ३ चा सर्व्हर, खेळाडू खेळत असताना, दुसऱ्या मशीनवर गेला आणि थांबला किती? साधारण ६० मिलिसेकंद.

(डर्टी पेजला मराठीत काय म्हणायचं? माझं मराठी कॉन्व्हेंटचं, म्हणून आजीला फोन केला. ती म्हणाली, हात लागलेलं ना? मग 'उष्टं पान' म्हण की!)

तर खूण कोण करणार? आत चालणाऱ्या ओएसचा डर्टी बिट आहेच, पण तो तिचा. ती तो आपल्या सोयीने पुसते. शिवाय पुस्तकातला बिट विचारतो, डिस्कवरच्या प्रतीपेक्षा पान बदललं का? इथे प्रश्न असा, की मागच्या फेरीत नेल्यानंतर बदललं का? नाव तेच, हिशोब वेगळा. म्हणून केव्हीएम सगळ्या पानांवरची लिहायची परवानगी काढून घेतं. कोणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो, कंट्रोल होस्टकडे येतो, होस्ट एका बिटमॅपमध्ये खूण करतो आणि परवानगी परत देतो. ४ जीबीच्या मशीनची ४ केबीवाली पानं होतात १०,४८,५७६, आणि बिटमॅप फक्त १२८ केबी. जागा स्वस्त, फॉल्ट महाग. म्हणून इंटेलने पुढे प्रोसेसरलाच वही दिली : बदललेल्या पानांचे पत्ते तो स्वतः लिहितो, ५१२ नोंदी भरल्या की मगच होस्टला हाक मारतो.

आता आमची फजिती. आम्ही आत एक छोटा सी प्रोग्राम लावला, १ जीबीच्या प्रत्येक पानावर एक आकडा लिहित राहणारा. म्हणजे २,६२,१४४ पानं, पुन्हा पुन्हा. गिगाबिट केबलवरून सेकंदाला फार तर तीसेक हजार पानं जातात. चहा पिऊन आलो तरी फेऱ्या चालूच! लिहिणारा उतरवणाऱ्यापेक्षा फास्ट असेल तर हे कधीच संपत नाही. ही गोष्ट मला कुठल्याही नोट्समध्ये दिसली नव्हती.

मग क्यूईएमयूचं ऑटो-कन्व्हर्ज चालू केलं. ते आतल्या सीपीयूला आधी २० टक्के ब्रेक लावतं, मग दर खेपेला आणखी १०, अगदी ९९ पर्यंत. मशीन गेलं पलीकडे, पण आमचा प्रोग्राम रांगत होता, आणि आतून बघणाऱ्याला त्याचं कारण कुठेच दिसत नाही. हे मला पटत नाही. मशीन भाड्याने घेणाऱ्याला निदान एक ओळ तरी कळवावी. दुसरा मार्ग पोस्ट-कॉपी : आधी मशीन हलवायचं, पानं मागून मागवायची. पण मध्येच नेटवर्क तुटलं तर अर्धी पानं इकडे, अर्धी तिकडे, मशीन अडकलंच समजा.

हे सगळं सांगायचं कारण आपलं प्रॅक्टिकल. फिफो आणि एलआरयू, रेफरन्स स्ट्रिंग कीबोर्डवरून टाका, फॉल्ट मोजा. प्रोग्राम सीनियर्सकडून येतो, प्रिंटएफमधल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. आपण पेज रिप्लेसमेंट शिकतो की कॉपी-पेस्ट? सिलॅबस युनिव्हर्सिटीचा असतो हे सरांचं म्हणणं मान्य. पण त्याच युनिटमध्ये एक तास जास्तीचा, दोन पीसी, आणि प्रत्येक ग्रुपने आपल्या प्रोग्रामची उष्टी पानं सेकंदाला किती ते मोजून जर्नलमध्ये लिहायचं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल, त्यामुळे उतरवताही येणार नाही. (मित्रांनो, शिव्या मला रूमवर येऊन द्या.)

केबल आमच्याकडे आहे. लॅबच्या पीसींवर व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये बंद आहे, त्याचा पासवर्ड तेवढा हवा.