नॉरफोकचा उंच पाहुणा

महाराष्ट्रातील रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकले जाणारे, सरळ खोडाभोवती ठरावीक अंतराने फांद्यांची वर्तुळे धारण करणारे सदाहरित झाड बहुधा अरौकेरिया या प्रजातीतले असते. ही प्रजाती शंकुधारी वृक्षांची आहे. म्हणजे या झाडांचे बी फळात न धरता शंकूच्या खवल्यांत तयार होते. तिच्या सुमारे २० जातींपैकी बहुसंख्य जाती प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया या बेटसमूहातच आढळतात.

या वृक्षांकडे युरोपीयांचे लक्ष गेले ते शोभेसाठी नव्हे. १७७४ मध्ये जेम्स कुक याचे जहाज न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिण टोकाजवळ आले, तेव्हा दूरवर दिसणारे उभे सुळके झाडे आहेत की बेसाल्टचे खांब, असा वाद जहाजावर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुक तेव्हा निर्मनुष्य असलेल्या नॉरफोक बेटावर उतरला आणि तिथल्या सरळसोट खोडांत त्याला गलबतांच्या डोलकाठ्या दिसल्या. १७८८ मध्ये इंग्रजांनी त्या बेटावर वसाहत केली, त्यामागे या लाकडाची आशाही होती. परंतु ते लाकूड ठिसूळ निघाले आणि डोलकाठीचा बेत सोडून द्यावा लागला. पुढे ज्या सुबक आकारामुळे जगभरच्या बागांनी हे झाड स्वीकारले, त्याने त्याला डोलकाठीपेक्षा कितीतरी चांगले आयुष्य दिले, असेच म्हटले पाहिजे. नॉरफोक बेटाच्या ध्वजावरही तेच झाड आहे.

हा आकार ज्या वाढीतून येतो, ती समजून न घेता झाड लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शेंड्याचा कोंब सरळ वर जातो आणि बाजूच्या फांद्या आडव्याच वाढतात. हा भेद इतका पक्का असतो की बाजूच्या फांदीचे कलम लावले तर त्यापासून उभे झाड होत नाही, ते आडवेच पसरत राहते. म्हणून उंची आवरण्यासाठी शेंडा छाटला, की मूळचा डौल पुन्हा येत नाही. कुंडीत हातभर दिसणारे हे रोप मोकळ्या जमिनीत ५० मीटरपर्यंतही वाढू शकते, तेव्हा विजेच्या तारांखाली किंवा भिंतीला चिकटून त्याला जागा देणे चुकीचेच ठरते.

भारतात ‘नॉरफोक पाइन’ म्हणून लावलेली पुष्कळ झाडे खरे तर न्यू कॅलेडोनियाच्या ‘कुक पाइन’ची असतात, कारण लहानपणी दोन्ही जाती जवळपास सारख्या दिसतात. मोठेपणी मात्र पहिली रुंद शंकूच्या आकाराची होते, दुसरी अरुंद स्तंभासारखी. कुक पाइनचे आणखी एक वैशिष्ट्य २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच खंडांतील मोजमापांतून पुढे आले: हे झाड विषुववृत्ताच्या दिशेने, सरासरी साडेआठ अंशांनी कलते आणि विषुववृत्तापासून जितके दूर, तितका हा कल वाढतो. उत्तर गोलार्धात हा कल दक्षिणेकडे असल्याने, महाराष्ट्रातील बागेत ते लावताना दक्षिणेची बाजू मोकळी ठेवलेली बरी.