काटकुळ्या बायकांनाही तपासा



‘गरोदरपणातला मधुमेह शहरातल्या जाड बायकांना होतो, शेतात राबणाऱ्यांना तपासणी कशाला?’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. भारतीय वंशाच्या बायकांना हा धोका गोऱ्या युरोपीय बायकांहून अधिक, तोही कमी वजनावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. तरी आपल्या बाळांची कातडीखालची चरबी फारशी घटलेली नव्हती. स्नायू मात्र कमी. अशी ठेवण घेऊन मोठ्या झालेल्या बाईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, आणि गरोदरपणात वारेची संप्रेरके त्यात भर घालतात.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे, दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली की उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. खरी गळती या दुसऱ्या तपासणीतच होते. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते (आमचे गाव तर साक्षात रुक्मिणीचे माहेर!) आणि तपासणीचे कार्ड सासरीच राहते. पत्रलेखकांनी त्यावर लिहावे.

— एक वाचक, कौंडण्यपूर (जि. अमरावती)